सगळ्यांनी ‘चांगलं’ लिहिलं, मग मला तो निकाल खोटा का वाटतो?

पत्र आधी थोडक्यात देते, म्हणजे उत्तर कशाला आहे ते कळेल.

‘मॅडम, मी नर्सिंगच्या पदव्युत्तर वर्गात आहे. त्याआधी ७ वर्षं वॉर्डात काढली, अजूनही महिन्यातून काही रात्री ड्युटी करते. प्रबंधाचा विषय आहे वृद्ध आणि मनोरुग्णांना मिळणाऱ्या शुश्रूषेचा दर्जा. वयस्कर मनोरुग्णांच्या वॉर्डात ४० जणांकडून समाधानाची प्रश्नावली भरून घेतली. ३८ जणांनी सगळीकडे “चांगलं” किंवा “खूप चांगलं” यावर खूण केली. गाइड खूश आहेत. मला तो निकाल खोटा वाटतो, कारण मी रोज जे बघते ते “खूप चांगलं” नाही. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे किंवा ज्यांना भास होतात त्यांना गाइडनी सुरुवातीलाच वगळायला लावलं. इन्चार्ज सिस्टर माझ्याशी धड बोलत नाहीत. “आपल्याच माणसांनी आपल्याविरुद्ध पुरावे गोळा करायचे का?” असं म्हणाल्या. आणि एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. मागच्या महिन्यात नाइटला आम्ही दोघी आणि ३४ रुग्ण होतो. एक आजी सारख्या पलंगावरून उतरत होत्या. मी त्यांचे हात बांधले. सकाळपर्यंत. आता मी दर्जावर प्रबंध लिहायचा, हे ढोंग नाही का? मला तू म्हणा.’

तू म्हणतेस म्हणून तू म्हणते.

पत्र रात्री वाचलं आणि सकाळी पुन्हा वाचलं. शेवटची चार वाक्यं लिहायला तुला किती वेळ लागला असेल याचा अंदाज मला आहे. त्यांच्याकडे मी येणार आहे, पण आधी त्या ३८ जणांकडे जाऊ, कारण तुझ्या प्रबंधाची गाठ तिथे बसली आहे.

ते खोटं बोललेले नाहीत. तू त्यांना ज्या जागी बसून प्रश्न विचारलास, त्या जागेवरून एवढंच उत्तर देता येतं. पलंगावरचा माणूस संडासला जाण्यासाठी, पाण्यासाठी, चष्मा सापडण्यासाठी ज्या गणवेशावर अवलंबून आहे, त्याच गणवेशातली मुलगी हातात कागद देते आणि विचारते, आमची सेवा कशी वाटली? म्हातारं माणूस तर आधीच ‘पोरीला त्रास नको’ म्हणून निम्मं गिळून टाकतं. मनोरुग्णांच्या वॉर्डात यात आणखी एक भर पडते: इथे तक्रार केली तर ती आजाराचं लक्षण म्हणून लिहिली जाईल आणि घरी जाणं लांबेल, ही भीती. जो फार दिवस राहिला आहे त्याच्या अपेक्षाच इतक्या आक्रसलेल्या असतात, की कुणी ओरडलं नाही तो दिवस त्याला खरोखर चांगला वाटतो.

हे समाधानाच्या प्रश्नावल्यांचं जुनं दुखणं आहे. सगळ्यांचे गुण वरच्या टोकाला जाऊन अडकतात. संख्याशास्त्रातली माणसं त्याला सीलिंग इफेक्ट म्हणतात. बऱ्या वॉर्डाला ३८ आणि वाईट वॉर्डालाही ३८ देणारी मोजपट्टी काहीच मोजत नसते. तरी तो डेटा फेकू नकोस. तसाच ठेव आणि त्याच्या शेजारी लिही: फॉर्म कुणी दिला, कुणी वाचून दाखवला, त्या वेळी शेजारी कोण उभं होतं, आणि वॉर्डातल्या किती जणांना विचारलंच नाही. हे चार तपशील आले की तुझा निकाल खरा होतो, कारण मग तो नेमका कशाबद्दल आहे हे वाचणाऱ्याला कळतं.

पुन्हा विचारायची संधी मिळाली तर ‘कसं वाटलं’ विचारूच नकोस. काय घडलं ते विचार. काल रात्री हाक मारली होती का, कोण आलं, येईपर्यंत काय झालं? अंग पुसताना पडदा ओढला होता का? सकाळी गोळ्या दिल्या त्या कशाच्या हे कुणी सांगितलं? अशा प्रश्नांना उत्तर देताना माणसाला कुणाला गुण द्यावे लागत नाहीत, म्हणून तो मोकळेपणाने सांगतो. आणि शक्य असेल तर विचारणारी व्यक्ती त्या वॉर्डातली नसावी, गणवेशात तर मुळीच नसावी.

आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ साली आरोग्यसेवेच्या दर्जाची जी तीन अंगं मांडली, ती तुझ्या पहिल्या प्रकरणात असणारच: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. प्रत्येक प्रबंधात असतात आणि बहुतेक प्रबंधांत पान उलटलं की विसरली जातात. तू विसरू नकोस. समाधान हा परिणामाचा एक छोटा तुकडा आहे. तुला रोज जे खुपतं ते प्रक्रियेत आहे, म्हणजे पलंगापाशी नर्स आणि रुग्ण यांच्यामध्ये जे घडतं त्यात. ते कागदावर खुणा करून घेऊन सापडत नाही. तिथे बसून बघावं लागतं.

बघण्याचीही शिस्त असते, आणि ती तुझ्याच विषयात तयार झालेली आहे. लंडनमध्ये मानसिक आजार असलेल्या वृद्धांना मोठ्या रुग्णालयांतून लहान, घरासारख्या निवासांत हलवलं तेव्हा काळजीत खरंच फरक पडला का, हे बघायला डीन, प्राउडफूट आणि लिंडसे यांनी एक निरीक्षणपद्धत बनवली. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली. तिचं नाव क्विस. निरीक्षक एका जागी बसतो आणि कर्मचारी व रुग्ण यांच्यातला प्रत्येक व्यवहार पाचांपैकी एका खणात टाकतो. आपुलकीचा संवाद, काम करताना ठेवलेलं माणूसपण, नुसतं कोरडं काम, जपण्यासाठी घातलेली आडकाठी, आणि दडपणारी किंवा अपमानाची वागणूक. ताट समोर ठेवलं आणि न बोलता निघून गेलो, तर तिसरा खण. ‘आजोबा, उठू नका, पडाल’ म्हणून कारण न विचारता खाली बसवलं, तर चौथा.

मला यातला तिसरा खण सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मारहाण, शिवीगाळ या गोष्टी घडल्या तर कुणालाही दिसतात. पण वॉर्डातल्या वृद्धाचा दिवस कुजतो तो कोरडेपणात. वाईट असं काहीच घडत नाही, कुणी दुष्ट नसतं, सगळी कामं झालेली असतात, आणि तरी सकाळपासून त्या माणसाशी कुणी एक पूर्ण वाक्य बोललेलं नसतं. त्यामुळे तू आणखी एक खण स्वतःचा ठेव: ‘कुणी आलं नाही’. वीस मिनिटांत एका पलंगाकडे कुणी फिरकलं नाही, तर तीही नोंदच आहे.

बसशील तेव्हा दोघीजणी बसा. सुरुवातीला एकाच व्यवहाराची नोंद स्वतंत्रपणे करा आणि मग जुळवून बघा. मत किती जुळतं हे ‘कप्पा’ (kappa) नावाचा संख्याशास्त्रातला आकडा काढून दाखव, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. पहिल्या दोन दिवसांची निरीक्षणं विश्लेषणात घेऊ नकोस. कुणीतरी वही घेऊन बसलं आहे म्हटल्यावर सगळेच सरळ होतात, पण दोन-तीन दिवसांत कामाचा रेटा पुन्हा आपल्या वळणावर येतो. आणि वेळा निवडताना फक्त सकाळचा राउंड निवडू नकोस. अंघोळीची वेळ, जेवणाची वेळ, नातेवाईक निघून गेल्यानंतरचा अर्धा तास, आणि रात्र. रात्र सोडलीस तर अर्धा वॉर्ड सोडल्यासारखं आहे.

आता वगळलेल्यांकडे. इथे मला तुला माझ्या स्वतःच्या हातून घडलेलं सांगायचं आहे.

नोकरीला लागून माझं तिसरं वर्ष असेल. एक सत्तरी उलटलेले आजोबा जुन्या मानसिक आजारासाठी दाखल होते, बोलणं जवळपास बंद. त्यांना नवीन गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या रात्रीपासून ते ओरडायला लागले. उठायचे, भिंतीला हात लावत फिरायचे, कपडे ओढायचे. आम्ही नोंद केली: ‘बेचैन, ऐकत नाही, कपडे काढतो.’ सांगितलेलं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या रात्री तेच, आणि हात बांधले. त्या नोंदीखाली माझी सही आहे. सकाळी चादर बदलताना वॉर्डातल्या मावशींचा हात त्यांच्या पोटाला लागला आणि त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, पोट दगडासारखं लागतंय.’ लघवी तुंबली होती. नळी घातली, आणि ते आजोबा दुपारपर्यंत शांत झोपले. गोळीमुळे असं होऊ शकतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. दोन रात्री तो माणूस कपडे ओढून, पोटाशी हात नेऊन मला सांगत होता, आणि मी त्याचं सांगणं ‘वागणूक’ या रकान्यात लिहीत होते.

तुझ्या गाइडना वाटतं की हे रुग्ण काही सांगू शकत नाहीत. ते सांगतच असतात. आपण ते लक्षण म्हणून लिहितो, तक्रार म्हणून लिहितो, ‘असहकार’ म्हणून लिहितो.

हे मी एकटीच्या अनुभवावरून म्हणत नाही. शॅरन इनुये आणि सहकाऱ्यांचा २००१ सालचा अभ्यास मिळवून वाच. सत्तरी आणि त्यापुढच्या ७९७ रुग्णांमध्ये डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला गोंधळ, नर्सना ओळखता येतो का ते त्यांनी पाहिलं. संशोधकांना ज्या रुग्णांमध्ये तो दिसला, त्यांपैकी फक्त ३१ टक्के रुग्णांमध्ये नर्सनी तो ओळखला. कुणाचा सुटला? जे गप्प पडून होते, ज्यांचं वय ८० च्या पुढे होतं, ज्यांना नीट दिसत नव्हतं, ज्यांना आधीच स्मृतिभ्रंश होता. गप्प पडलेला म्हातारा रुग्ण आपल्या भाषेत ‘गुणी’ असतो. हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, आपण म्हणतो, ‘काही त्रास नाही, झोपून आहेत.’

दुसरा अभ्यास नॉर्वेमधला, बेटिना हुसेबो यांचा, २०११ सालचा. शुश्रूषागृहांतल्या, स्मृतिभ्रंश असलेल्या आणि चिडचिड करणाऱ्या ३५२ वृद्धांपैकी एका गटाला पायरीपायरीने, ठरलेल्या पद्धतीनं वेदनाशामक उपचार दिले. बहुतेकांना तर साधं पॅरासिटामॉलच. ८ आठवड्यांत चिडचिड सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे ज्याला आपण आजाराचा भाग समजत होतो, त्यातला एक हिस्सा नुसता दुखण्याचा होता. न बोलणाऱ्या माणसाचं दुखणं बघायला पेनॅडसारखी छोटी मोजपट्टी आहे: श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण, आणि समजूत घातल्यावर तो शांत होतो का. पाच गोष्टी, प्रत्येकीला ० ते २ गुण. तुझ्या अभ्यासात ती घालता येईल, आणि उद्यापासून ड्युटीवरही वापरता येईल.

आणि जे बोलू शकतात त्यांना तर वगळायला कारणच नाही. क्वॉल-एडी नावाची जीवनमानाची १३ प्रश्नांची मुलाखत आहे. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेली माणसं तिची उत्तरं स्वतः देतात. शेजारी नातेवाइकांची उत्तरं घेतली तर ती बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांपेक्षा जास्त निराश निघतात, म्हणून ‘मुलीला विचारलं, तेच झालं’ असं होत नाही. मनोरुग्णांच्या बाजूने बघायचं तर लंडनमध्ये २०१२ साली व्हॉइस ही प्रश्नावली प्रसिद्ध झाली. मानसोपचार वॉर्डात दाखल झालेल्यांना तिथली काळजी कशी वाटते हे ती विचारते. तिचं वैशिष्ट्य असं, की मानसिक आरोग्यसेवा स्वतः घेतलेल्या संशोधकांनी, रुग्णांबरोबर बसून, तिचे प्रश्न ठरवले. नर्सनी ठरवलेले प्रश्न आणि पलंगावरून सुचलेले प्रश्न यांत किती अंतर असतं ते तुला ती वाचताना जाणवेल. भास होणारा माणूस सगळ्याच बाबतींत अविश्वसनीय असतो, ही समजूत सोयीची आहे. त्याला आवाज ऐकू येत असतील, पण रात्री दिवा बंद करून घ्यायला सांगितलं आणि कुणी केला नाही, हे त्याला बरोबर कळतं.

संमतीचा मुद्दा खरा आहे, तो गाइडच्या मनात असेल तर त्याला मान दे. पण त्याचं उत्तर सरसकट वगळणं नाही. संमती देण्याची क्षमता त्या-त्या निर्णयापुरती पाहायची असते. एखाद्याला पैशाचे व्यवहार समजत नसतील, तरी ‘मी इथे बसून बघू का’ हे समजू शकतं. जॅन ड्यूइंग यांनी २००७ साली स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी प्रक्रिया-संमतीची पद्धत मांडली: एकदा सही घेऊन मोकळं व्हायचं नाही, प्रत्येक वेळी नव्याने विचारायचं आणि नकार ओळखायला शिकायचं. तोंड फिरवलं, हात काढून घेतला, तुझ्याकडे बघून अंग आखडलं, की वही बंद. जवळच्या माणसाची लेखी परवानगी आणि नैतिकता समितीची मंजुरी घ्यायचीच, पण ती रुग्णाच्या या नकारावर मात करू शकत नाही. हे असं लिहून समितीपुढे गेलीस तर त्यांचा विश्वास वाढेल. गाइडशी वाद घालू नकोस, हा मसुदाच त्यांच्यासमोर ठेव.

एक मुद्दा तुझ्या पत्रात नाही, पण विषयात हवाच. मनोरुग्णाच्या शरीराकडे कोण बघतं? गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यामागे मोठा वाटा टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांचा असतो. माझ्या त्या आजोबांसारखं. वॉर्डाचा दर्जा मोजताना रक्तदाब, वजन, शौचाची नोंद, पायांची तपासणी, दात, चष्मा, श्रवणयंत्र यांकडेही बघ. श्रवणयंत्र कपाटात आणि केसपेपरवर ‘सूचना पाळत नाही’ असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

आता इन्चार्ज सिस्टर. त्यांच्यावर रागावू नकोस. इझाबेल मेन्झीज यांनी १९६० साली एका रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं: नर्सची कामं तुकड्यातुकड्यांत वाटलेली असतात, रुग्णाला नावाऐवजी पलंगाच्या क्रमांकाने किंवा आजाराने ओळखलं जातं, आणि हे सगळं दुःखाच्या इतक्या जवळ राहून होणाऱ्या घालमेलीपासून स्वतःला वाचवण्यासाठी असतं. कोरडेपणा ही ढाल असते. तू वही घेऊन त्या ढालीवर टकटक करते आहेस, मग समोरून आवाज येणारच.

शिवाय त्यांना जे ठाऊक आहे ते तुझ्या प्रश्नावलीत नाही. बिआट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये नर्सना विचारलं होतं, तुमच्याकडून काय राहून जातं? उत्तरं सगळीकडे ओळखीची वाटतील अशी आली: रुग्णाला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, धीर देणं, स्वच्छता, नोंदी, लक्ष ठेवणं. कारणांत माणसं कमी असणं होतं, वेळ न पुरणं होतं, आणि ‘हे माझं काम नाही’ हेही होतं. लिंडा एकन यांच्या युरोपातल्या ९ देशांच्या अभ्यासात, २०१४ साली, शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाखांहून जास्त रुग्णांची माहिती होती. एका नर्सवर आणखी एक रुग्ण वाढला की ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तो शस्त्रक्रियेच्या वॉर्डांचा आकडा आहे, तुझ्या वॉर्डाला तसाच्या तसा चिकटवू नकोस. पण दर्जाबद्दल बोलताना पटावरची माणसं मोजणं किती आवश्यक आहे ते त्यातून कळतं. प्रत्येक निरीक्षणाच्या वर त्या पाळीला किती नर्स, किती रुग्ण, किती जणांना दोघींची मदत लागते, हे लिही. इन्चार्ज सिस्टरना ते दाखव. ‘तुमच्या माणसांनी काय चुकवलं’ याऐवजी ‘काय राहून जातं आणि का’ हा प्रश्न त्यांच्याबरोबर बसून तयार कर. कुठल्याही नर्सचं नाव, पाळीची तारीख, ओळखू येईल असा तपशील प्रबंधात जाणार नाही असं लेखी दे. निष्कर्ष सगळ्यांत आधी वॉर्डात सांग, परिषदेत नंतर.

फक्त एक गोष्ट आधीच ठरव आणि त्यांना सांगून ठेव. निरीक्षण करताना कुणाला इजा होताना किंवा छळ होताना दिसला, तर तू वही ठेवून मध्ये पडणार आणि कळवणार. ही अट प्रस्तावात लिहिलेली हवी. त्यावर सौदा नाही.

वॉर्ड बदलतात, हेही त्यांना सांग. इंग्लंडमध्ये लेन बॉवर्स यांनी सेफवर्ड्स नावाचा प्रयोग केला. निकाल २०१५ साली आले. १५ रुग्णालयांतले ३१ मानसोपचार वॉर्ड होते. उपाय साधे होते: कडू बातमी देण्याआधी आणि दिल्यानंतर माणसाला सांभाळणं, हँडओव्हरला प्रत्येक रुग्णाबद्दल एक तरी चांगली गोष्ट बोलणं, कर्मचारी आणि रुग्णांनी एकमेकांची थोडी ओळख करून घेणं, एकमेकांना मदत करण्यासाठी रुग्णांची बैठक. भांडणं, हिंसा, पळून जाणं यांत १५ टक्क्यांनी घट झाली. बांधणं, कोंडणं, जबरदस्तीने औषध देणं यांत २६ टक्क्यांहून जास्त.

आणि आता त्या आजी.

तू केलंस ते चूक होतं. तुला हे हळुवारपणे सांगता आलं असतं, पण तू मला पत्र लिहिलंस ते हळुवार ऐकायला नाही. दोघी आणि ३४ रुग्ण ही परिस्थिती चूक होती, तेही तितकंच खरं आहे, आणि ती परिस्थिती तू निर्माण केलेली नाहीस. दोन्ही वाक्यं शेजारी ठेव. एकाने दुसरं पुसू नकोस.

पडू नये म्हणून आपण बांधतो. मेरी टिनेटी यांनी १९९२ साली शुश्रूषागृहांतल्या वृद्धांची जी माहिती दिली तीत न बांधलेल्यांपैकी ५ टक्क्यांना पडून गंभीर इजा झाली होती, बांधलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. बांधलेले मुळातच अशक्त असतील, ही शंका त्यांनाही होती. इतर फरकांचा हिशेब धरूनही संबंध उरलाच. लोइस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या दोन नर्स-संशोधकांनी बांधणं कमी करण्यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या १९९७ सालच्या प्रयोगात तीन शुश्रूषागृहं होती: एकात नेहमीचीच पद्धत, दुसऱ्यात कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, तिसऱ्यात प्रशिक्षणाबरोबर जाणकार नर्सचा सल्लाही. बांधणं सगळ्यांत जास्त कमी झालं ते तिसऱ्या ठिकाणी. व्याख्यान ऐकून कुणी सुटत नाही. ‘या आजी का उठतात?’ हे त्या आजींच्या पलंगापाशी उभं राहून विचारणारं कुणीतरी लागतं. त्या रात्री त्या का उठत होत्या? संडासला? वेदना? कुणाला शोधत होत्या? नवीन औषध होतं?

म्हणून ढोंगाचा प्रश्न मी असा सोडवते. हा प्रबंध लिहिणं ढोंग नाही, ती रात्र लपवून लिहिणं ढोंग होईल. पद्धतीच्या प्रकरणात संशोधकाची स्वतःची भूमिका लिहायची जागा असते. तिथे लिही की मी याच प्रकारच्या वॉर्डात काम करते, मी स्वतः रुग्णाला बांधलेलं आहे, आणि त्यामुळे मला काय दिसेल आणि काय दिसणार नाही. आजींची ओळख पटेल असं काही लिहायचं नाही. ज्या पाळीत तू ड्युटीवर असशील त्या पाळीचा डेटा घ्यायचा नाही. प्रबंधाच्या आधी मात्र इन्चार्ज सिस्टरना सांग; त्या कदाचित चिडतील, कदाचित तुझ्याशी पहिल्यांदा नीट बोलतील. आणि आजींकडे जा. त्यांना आठवत असो वा नसो, त्यांच्या नावाने हाक मार, मनगटं बघ, ‘त्या रात्री मी तुमचे हात बांधले, मला तसं करायला नको होतं’ एवढं म्हण आणि थोडा वेळ बस.

विषय लहान कर. ‘शुश्रूषेचा दर्जा’ कुणाच्याच मुठीत मावत नाही. डोरीन नॉर्टन यांनी १९६२ साली वृद्धांच्या वॉर्डात काय मोजलं? पाठीवर होणाऱ्या जखमा. तोवर नर्स त्वचेला नाना प्रकारची औषधं चोळत होत्या. नॉर्टन यांच्या अभ्यासाने लक्ष नियमित कूस बदलण्याकडे वळवलं, आणि धोका ओळखायची पाच मुद्द्यांची मोजपट्टी दिली. एवढासाच प्रश्न, पण पलंगापासचा. तुझाही तसा आहे: रात्री १० ते सकाळी ६ या वेळात जे रुग्ण उठतात त्यांच्या उठण्याला वॉर्ड काय उत्तर देतो? कुणी कारण विचारतं का? दुखणं, लघवी, तहान बघितली जाते का? बांधलं तर दर किती वेळाने कुणी बघितलं?

सुरुवातीला निरीक्षण लागणारही नाही. परवानगी घेऊन मागच्या तीन महिन्यांचे रात्रीचे केसपेपर काढ. बांधल्याची वेळ बहुधा लिहिलेली असेल. सोडल्याची वेळ कितींवर आहे ते मोज. आजींचा केसपेपरही त्यात येईल, तोही इतरांसारखाच मोज.